आत्याच्या डब्यातली शिवराई खरी आहे का? मोबाईलवर तपासून बघू

गेल्या महिन्यात कुरुंदवाडहून आतेभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. आत्याच्या देवघरातल्या डब्यातल्या 5 शिवरायांचा फोटो आणि खाली लिहिलेलं, "दादा, एकजण 2 लाख देतो म्हणतोय. आधी 1,500 रजिस्ट्रेशन फी भरायची आहे. भरू काय?"

मी लगेच फोन करून थांबवलं. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने फी, कमिशन किंवा टॅक्स मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये सांगितलंय. साधी, झिजलेली शिवराई तर नाणी विकणाऱ्यांकडे काहीशे रुपयांतही मिळते. तिचे कुणी 2 लाख कशाला देईल? पण आत्याचा प्रश्न वेगळाच होता. "ते पैशाचं राहू दे, ही नाणी खरी हाईत का तेवढं सांग." मग रविवारी मोबाईल आणि खिशात मावणारा डिजिटल काटा घेऊन कुरुंदवाड गाठलं.

आधी शिवराई कशी बनायची ते समजून घ्या, बाकीचं आपोआप कळेल. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही साधारण हाच मजकूर चालू राहिला. कारागीर लोखंडी ठशावर अक्षरं हाताने उलटी कोरायचा. मग दोन ठशांमध्ये तांब्याची चकती ठेवून वरून हातोडा मारायचा. ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून एखादं अक्षर काठाबाहेर जायचं. घाव तिरका बसला की एक बाजू ठळक, दुसरी पुसट. कोरणाराही दरवेळी वेगळा, त्यामुळे कुठे 'शिव', कुठे 'सिव'. म्हणजे शुद्धलेखन चुकलं म्हणून नाणं खोटं ठरत नाही. उलट सगळी अक्षरं कॉम्प्युटरच्या फॉन्टसारखी नीटनेटकी आणि बरोबर मधोमध बसलेली असतील तर मला शंका येते. महाराजांचं चित्र किंवा '1674' असं साल असेल, तर ते सरळ आजचं शोभेचं नाणं समजा.

आता मोबाईल. फ्लॅश बंद करा, मॅक्रो मोड लावा. दुसऱ्या फोनचा टॉर्च नाण्याच्या अगदी बाजूने, जवळजवळ आडवा धरा. सावल्या पडल्या की पृष्ठभाग बोलायला लागतो. कॅमेऱ्याचं एआय सुधारणा करणारं सेटिंग मात्र बंद ठेवा, ते पुसट अक्षरं स्वतःच्या मनाने रेखीव करून टाकतं! ठोकलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा झिजल्या तरी धातू घट्ट दिसतो. साच्यात ओतलेल्या नकलेवर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात, अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होतात, आणि काठावर दोन साचे जुळल्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा असतात.

आत्याच्या 4 नाण्यांवर असं काही नव्हतं. पाचव्यावर खड्डेच खड्डे. पण जमिनीत पडून गंजलेल्या खऱ्या नाण्यालाही खड्डे पडतात, म्हणून काटा काढला.

आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं पाण्यात सोडा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. तांब्याचं उत्तर 8.9 च्या आसपास येतं. आत्याचं पहिलं नाणं 10.80 ग्रॅम, पाण्यात 1.21, म्हणजे 8.93. पाचवं 9.36 ग्रॅम, पाण्यात 1.31, म्हणजे 7.15. हे तांबं नाही, जस्ताच्या जवळचं काहीतरी, वरून तपकिरी रंग दिलेलं. नुसत्या वजनावर जाऊ नका. सुरुवातीच्या शिवराया साधारण 11 ते 13 ग्रॅमच्या, नंतरच्या हलक्या.

नक्कल तांब्याचीच असेल तर ही परीक्षा ती सहज पास होते. तिथे माझा सगळ्यात आवडता उपाय. फोटो गूगल लेन्सवर टाका. हाताने ठोकलेली दोन नाणी कधीच हुबेहूब सारखी नसतात. एकाच ठशातली असली तरी काठ, घावाची जागा, झीज वेगळीच. पाचव्याचा फोटो टाकला तर एका विक्रीच्या पानावर अगदी तशीच नाणी सापडली. तोच काठ, 'जा'वर तोच टवका. एकाच साच्यातली भावंडं!

तपासायच्या आधी नाणं चिंच-लिंबाने घासू नका. जुनी चढलेली छटा जाते आणि पुरावाही जातो. पूर ओसरल्यावर घाटाच्या गाळात नाणी सापडली तर परस्पर विकायचीही नाहीत. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं जुनं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पाचवं नाणं डब्यात कसं आलं, ते आत्याला लगेच आठवलं. तिच्या सासऱ्यांनी कुठल्याशा जत्रेतून आणलं होतं. मी ते बाजूला ठेवलं, तर तिने उचलून परत डब्यात टाकलं. "मामंजींनी आणलंय. दसऱ्याला पूजा पाचांचीच व्हायची."