ब्रुकलँड्सचा नियम आणि नाना पेठेतला गोल्डस्टार

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बुलेटसाठी बाहेरचा सायलेन्सर मागितला की नावांची माळच समोर येते: शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, मेगाफोन, डॉल्फिन, पंजाब, इंदोरी, गोल्डस्टार. यांतली बहुतेक नावं आकारावरून किंवा गावावरून पडली. गोल्डस्टारला मात्र वंशावळ आहे, आणि ती मागे मागे शोधत गेलं तर इंग्लंडमधल्या एका शर्यतीच्या मैदानापाशी येऊन थांबते. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावणाऱ्याची मनापासून अशी समजूत असते की शर्यतीच्या गाड्यांचा वारसा आपण रस्त्यावर आणतो आहोत. कंपनीने नियमांच्या धाकाने इंजिनाचा गळा आवळला होता, तो आपण मोकळा केला. इतिहास या समजुतीच्या बाजूने साक्ष देत नाही. शर्यतीतल्या कसबी लोकांनी धुराड्याच्या पाइपावर जी मेहनत घेतली ती आवाजासाठी कधीच नव्हती, आणि आवाज आवरण्याची सक्ती फार लवकर ज्यांच्यावर झाली त्यांत शर्यतवालेच होते. सायलेन्सर निवडताना हे ठाऊक असेल तर निवड वेगळी होईल, असं मला वाटतं.

सायलेन्सर ही मोटारीच्या बालपणापासूनची गोष्ट. अमेरिकेतल्या रीव्ह्ज बंधूंनी त्याचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं. पण आपल्या कथेला महत्त्वाचं आहे ते ब्रुकलँड्स. लंडनच्या नैर्ऋत्येला वेब्रिज गावाजवळ ह्यू लॉक किंग या जमीनदाराने १९०७ मध्ये स्वतःच्या जागेत काँक्रीटची, वळणांवर भिंतीसारखी चढत जाणारी धावपट्टी बांधली. शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेल्या जगातल्या पहिल्या मैदानांपैकी ते एक. त्याच वर्षी एस. एफ. एज याने तिथे सलग चोवीस तास मोटार पळवून विक्रम केला, आणि शेजारच्या रहिवाशांची झोप उडाली. रात्री गाड्या पळवायला तेव्हापासून बंदी आली. पुढे १९२९ मध्ये तिथे चोवीस तासांची शर्यत घ्यायची ठरली तेव्हा ती बारा-बारा तासांचे दोन दिवस करून घ्यावी लागली. दिवसाच्या आवाजाचं भांडणही मिटलं नव्हतंच. १९२४ च्या सुमारास रहिवासी कोर्टात गेले आणि त्यातून मैदानावर धावणाऱ्या गाड्यांना सायलेन्सर सक्तीचा झाला. डब्यासारखा गोल फुगीर भाग आणि त्याच्या टोकाला चपटी, माशाच्या शेपटासारखी फाकलेली नळी, असा तो प्रकार ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आज जुन्या गाड्यांचे शौकीन ती चपटी शेपटी वेगाची खूण म्हणून लावतात. ती शेजाऱ्यांच्या तक्रारीतून जन्मली, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

याच मैदानावर ताशी शंभर मैलांहून, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटरहून अधिक वेगाने शर्यतीत एक फेरी पुरी करणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ब्रिटिश मोटारसायकल रेसिंग क्लब सोन्याच्या ताऱ्याचा छोटा बिल्ला देत असे. जून १९३७ मध्ये वॉल हँडलीने बीएसए कंपनीच्या एम्पायर स्टार या गाडीवर हा बिल्ला मिळवला. त्याची सर्वांत वेगवान फेरी ताशी १०७ मैलांच्या वर गेली. त्या बिल्ल्यावरून बीएसएने पुढच्या वर्षी नव्या मॉडेलचं नाव ठेवलं: गोल्ड स्टार. म्हणजे नाना पेठेत ज्या नावाने आज मोठ्या आवाजाचा पाइप विकला जातो, ते नाव ज्या मैदानावरून आलं तिथे सायलेन्सरशिवाय धावायची मुभाच नव्हती. महायुद्धानंतरच्या गोल्ड स्टारने आइल ऑफ मॅनच्या क्लबमन शर्यती जवळजवळ आपल्याच करून टाकल्या. तिच्या पुढून निमुळत्या, लांब सायलेन्सरची ख्याती होती ती एका खास आवाजासाठी. वेगात असताना मूठ सोडली की पाइपातून बारीक चिवचिवाट ऐकू येई. पाइप आणि आतली रचना एकमेकांशी जुळल्यामुळे तो येई. आत काहीच नसलेल्या नळीतून तो कधी आला नसता. गोल्ड स्टारचं उत्पादन १९६३ मध्ये थांबलं, तरी लंडनच्या एस कॅफेभोवती जमणाऱ्या तरुणांनी ते सायलेन्सर दुसऱ्या गाड्यांना लावून त्यांचं नाव जिवंत ठेवलं. त्याच काळात बाहेरचे सुटे भाग बनवून नाव कमावलेल्या पॉल डन्स्टलने जो सायलेन्सर बाजारात आणला त्याला ‘डेसिबल’ म्हटलं, आणि आवाज आटोक्यात ठेवून इंजिनाची ताकद जपणं हाच त्याचा दावा होता. बाहेरच्या सायलेन्सरच्या धंद्याची परंपरा सांगायची तर ही सांगायला हवी.

पाइपाने ताकद वाढते का, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर टू-स्ट्रोकच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट मिळतं. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाउ गावी एमझेड कंपनीत वाल्टर काडेन नावाचा इंजिनियर होता. टू-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर जाण्याचं आणि ताजं मिश्रण आत येण्याचं काम जवळपास एकाच वेळी चालतं, त्यामुळे थोडं ताजं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जातं. काडेनने पाइपाला असं पोट दिलं की आधी रुंदावत जाणाऱ्या शंकूमुळे दाबाची लाट उलटून सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते, आणि पुढच्या आवळत जाणाऱ्या शंकूवर आपटून परतलेली दुसरी लाट बाहेर सांडू पाहणारं ताजं मिश्रण पोर्ट मिटण्याच्या आत सिलिंडरमध्ये परत ढकलते. कल्पनेची बीजं आधीची, पण ती गणिताने पक्की केली ती त्याने. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली, म्हणजे लिटरला दोनशे. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळून पश्चिमेकडे गेला, सोबत हे ज्ञान सुझुकीकडे पोचलं आणि १९६२ चं ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीला मिळालं. एका पाइपाच्या आकारासाठी एवढं घडलं. त्या आकारात मिलिमीटरचा फरक पडला तर लाट चुकीच्या वेळी परतते आणि ताकद घटते. आपल्याकडे १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० च्या साध्या दिसणाऱ्या सायलेन्सरच्या पोटातही हेच तत्त्व आहे. म्हणून गॅरेजवाल्याने तो मधून कापून आखूड केला की गाडी ओरडते जास्त आणि ओढते कमी. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती झाल्या. तिथे टू-स्ट्रोक गाड्यांसाठी असे पोटाचे पाइप, म्हणजे चेंबर, बनवणाऱ्यांना हे पुरतं कळत होतं. रस्त्यावर त्यांच्या कामाचा फक्त आवाज उचलला गेला.

हे कसं झालं असावं? माझा तर्क असा की सवय लागली ती साफसफाईतून. टू-स्ट्रोक स्कूटर आणि मोपेडच्या सायलेन्सरमध्ये तेलाचा कार्बन साचतो, गाडी चढाला दम टाकते. मग मिस्त्री सायलेन्सर उतरवून जाळायचा, काळा कोळसा ठोकून झाडायचा, आणि आतली जाळी बाहेर येणारी असेल तर ती काढून घासायचा. जाळी परत बसवली नाही तरी गाडी चालते, आणि कार्बन निघाल्यामुळे ती आधीपेक्षा मोकळी पळते. पळण्याचं श्रेय जाळी नसण्याला मिळालं. आवाज म्हणजे जोर, हा समज अशा अनुभवावर सहज पोसला जातो.

बुलेटची गोष्ट याहून भावनेची आहे. रेडिचच्या रॉयल एनफील्डशी करार होऊन १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. सैन्यासाठी आलेली गाडी पुढे पोलीस, पाटील, बागायतदार यांच्या दारात दिसू लागली. इंग्लंडमधला कारखाना बंद पडला तरी इथे ती बनत राहिली. तिचा ठोका लोकांच्या मनात घर करून राहिला यात नवल नाही. पण तो ठोका येत होता कुठून? ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर धावेचा एकच सिलिंडर, ३४६ सीसी, बिडाचं इंजिन आणि जड फ्लायव्हील. मिनिटाला ९०० फेऱ्यांवर गाडी उभ्या जागी सोडली तर फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला सात-आठ ठोके. एवढ्या संथ गतीला कान प्रत्येक ठोका जवळजवळ वेगळा ऐकतो. तो येत होता कंपनीच्या लांब, भरलेल्या सायलेन्सरमधूनच. २००९ नंतर इंजिन बदललं, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घडणीत आले, हायड्रॉलिक टॅपेट आले, आणि जुना ठोका गेला अशी तक्रार सुरू झाली. तक्रार खरी आहे. उपाय मात्र चुकला. नव्या इंजिनाला इंदोरी किंवा पोकळ गोल्डस्टार लावला तर नव्या इंजिनाचाच आवाज मोठा होतो, जुनं इंजिन परत येत नाही. चालत्या गाडीची चावी बंद करून पुन्हा फिरवायची, तेवढ्यात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जमतं आणि चावी फिरताच फटाक्यासारखं फुटतं, हा खेळ तर जुन्या बुलेटवाल्याच्या स्वप्नातही नव्हता.

यावर पहिला आक्षेप येतो सुरक्षिततेचा: मोठा आवाज असेल तर ट्रकवाल्याला, कारवाल्याला आपण आहोत हे कळतं. हा आक्षेप हसून सोडण्यासारखा नाही, कारण आपल्या रस्त्यांवर दुचाकीस्वार खरोखर जीव मुठीत धरून चालतो. पण पुरावा बघावा. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागातल्या मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. त्यात तीन चतुर्थांशाहून अधिक धोके स्वाराच्या समोरच्या बाजूला, सरळ रेषेच्या दोन्हीकडे ४५ अंशांच्या आत होते, आणि समोरच्या चालकाला मोटारसायकल दिसलीच नाही हे कारण पुन्हा पुन्हा निघालं. धुराड्याचं तोंड मागे असतं, धोका पुढे. आवाजाचा मारा ज्यांच्यावर होतो ते आपल्या मागचे लोक आणि दोन्ही बाजूंची घरं. दिवा, हॉर्न, उठून दिसणारा शर्ट आणि हेल्मेट यांचा उपयोग त्याहून कितीतरी जास्त.

दुसरा आक्षेप हक्काचा: गाडी माझी, पैसे माझे, आणि कंपनीचा सायलेन्सर जड असतो हेही खरं. वजनाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. चांगल्या बनावटीचा स्टीलचा किंवा टायटॅनियमचा पाइप काही किलो वाचवतो, आणि वरच्या गतीला थोडी ताकदही देऊ शकतो. स्लोव्हेनियातल्या अक्रापोविचने किंवा जपानच्या योशिमुराने शर्यतींत नाव कमावलं ते उगाच नाही. पण त्यांच्या रस्त्यावरच्या पाइपांतही आवाज मारणारी नळी असते, आणि युरोपात बदली सायलेन्सरला मान्यतेचा शिक्का लागतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२० व्या नियमाने प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक केला आहे. नव्या दुचाकीसाठी २००५ पासून लागू असलेली मर्यादा ८० ते १७५ सीसीला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाड्यांना ८०. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत हे मोजताना गाडी पूर्ण मूठ पिळून नेतात आणि साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवतात. डेसिबलचं मोजमाप सरळ वाढत नाही: दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. म्हणून ‘थोडासाच जास्त’ हा शब्दप्रयोग इथे फसवतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराचे निकष मोडल्याबद्दल त्याच्या कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हक्क गाडीवर आहे. शेजारच्या घरातल्या तान्ह्या मुलाच्या आणि आजारी माणसाच्या झोपेवर तो पोचत नाही. वेब्रिजच्या रहिवाशांनी शंभर वर्षांपूर्वी कोर्टात जाऊन मागितलं ते एवढंच होतं, आणि शर्यतवाल्यांनी ते पाळूनही विक्रम केले.

तरीही सायलेन्सर बदलायचाच असेल तर दुकानात आवाज ऐकून ठरवू नका. आत जाळी आणि ग्लासवूल आहे का, टोकाची नळी काढता येणारी असेल तर ती काढल्याशिवाय बसवून मिळेल का, हे विचारा. बीएस-६ गाडी असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे आहे आणि तो काढला जाणार का हे आधी पाहा. बेंड पाइपावरचा ऑक्सिजन सेन्सर इंजेक्शनला पेट्रोलचं प्रमाण सांगतो, तो निघाला किंवा त्याची जागा बदलली तर गाडी तापेल, पेट्रोल खाईल आणि ओढणार नाही. आवाज किती येतो हे दुकानदाराने लेखी द्यायला नकार दिला तर तो पाइप घेऊ नका. आणि जुन्या बुलेटचा ठोकाच हवा असेल, तर जुनं बिडाचं इंजिन शोधा, ते जाणत्या मिस्त्रीकडून नीट लावून घ्या, आणि त्याला त्याचा मूळचा लांब सायलेन्सर बसवा.