मृगातली हिरवी रेषा

मुलुंडच्या आमच्या गच्चीवरून मृगाचे तारे दिसतात. त्यातला तेजोमेघ मात्र शहराच्या झगमगाटात हरवतो. कॅमेरा फार वेळ उघडा ठेवावा, तर फोटोभर नुसता पांढुरका उजेड! म्हणून मी कॅमेऱ्यापुढे फिल्टर लावतो. कुणाला वाटेल, ही आजची करामत. पण या तेजोमेघाच्या वर्णपटातली ठळक हिरवी रेषा १८९१ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी नायगमवाला तपासत होते. ती मॅग्नेशियमची की आणखी कशाची, यावर तेव्हा इंग्लंडात वाद जुंपला होता. ती ऑक्सिजनची, हे बोवेन यांनी दाखवले थेट १९२७ मध्ये. माझा फिल्टर तोच हिरवा प्रकाश आत सोडतो आणि रस्त्यावरचा बराचसा उजेड अडवतो. दोन-दोन मिनिटांचे फोटो संगणकावर एकत्र केले, की मेघ उमटतो. नायगमवालांची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली; त्यांची वीस इंची दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली.