नाहीसे झाले की नाहीसे केले?

नोव्हेंबर लागला की धर्मग्रामातील मृतांच्या नावांची यादी तयार करण्याचे काम आम्हा स्वयंसेवकांकडे येते. प्रत्येक घर आपापला शब्द घेऊन येते. कोणी 'वारले' म्हणते, कोणी 'देवाघरी गेले', तर कोणाच्या पत्रिकेवर 'ख्रिस्तवासी' छापलेले असते. 'मेले' असे सहसा कोणी म्हणत नाही. मऊ शब्दाने दुःख थोडे पेलवते, त्यात गैर काहीच नाही. पण तो मऊ शब्द कोणाच्या तोंडून येतो आहे, हेही कधी कधी पाहावे लागते. प्रिय बंधुभगिनींनो, म्हणूनच यंदा अर्जेंटिनाची एक हकीकत सांगावीशी वाटते. तिथे मरणाच्या एका शब्दावरून आयांनी सरकारशी झुंज दिली.

त्यांची भाषा स्पॅनिश. आपल्यासारखीच त्या भाषेतही मरणासाठी शब्दांची उतरंड आहे. 'मोरीर' म्हणजे सरळ मरणे. 'फायेसेर' म्हणजे निधन पावणे. जुन्या स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ कमी पडणे, उणे होणे असा होता. चर्चमध्ये २ नोव्हेंबरला 'दिफुन्तो' हा शब्द चालतो. त्याचे लॅटिन मूळ पाहिले तर आपले नेमलेले काम ज्याने पुरे केले तो दिफुन्तो. आम्हाला हा शब्द फार आवडतो.

१९७६ मध्ये अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली. रात्री घरातून माणसे उचलली जाऊ लागली आणि पुढे त्यांचा पत्ता लागेनासा झाला. ना अटकेची नोंद, ना प्रेत. लोक त्यांना 'देसापारेसिदो' म्हणू लागले, म्हणजे नाहीसा झालेला. एप्रिल १९७७ पासून त्यांच्या आया ब्युनोस आयरेसच्या प्लाझा दे मायो या चौकात जमू लागल्या. आमची मुले जिवंत परत द्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

त्या वर्षीच्या ८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, सांता क्रूझ चर्चमध्ये काही आया आणि त्यांचे सोबती जमले होते. बेपत्ता मुलांची नावे वर्तमानपत्रात जाहिरात म्हणून छापायची होती, त्यासाठी पैसे गोळा होत होते. त्यांच्यात गुस्तावो निन्यो नावाचा एक तरुण होता. माझा भाऊ नाहीसा झाला आहे, असे तो सांगत असे. तो होता नौदलाचा अधिकारी आल्फ्रेदो आस्तिझ. कोणाला उचलायचे हे त्यानेच दाखवून दिले. (गेथशेमानेची बाग आठवल्याशिवाय राहत नाही.) ८ आणि १० डिसेंबरला मिळून बारा जण उचलले गेले. त्यांत आयांच्या चळवळीच्या संस्थापक असुसेना वियाफ्लोर होत्या, एस्तेर बायेस्त्रिनो आणि मारिया पोन्से या आणखी दोन आया होत्या, आणि आलीस दोमॉन व लेओनी दुके या फ्रेंच धर्मभगिनी होत्या. एस्तेरबाईंची मुलगी तोवर सुटून घरी आली होती, तरी बाकीच्यांच्या मुलांसाठी त्या जातच राहिल्या. पुढे पोप फ्रान्सिस झालेले होर्हे बेर्गोलिओ तरुणपणी एका प्रयोगशाळेत त्यांच्याच हाताखाली काम करत असत.

नौदलाच्या छळछावणीत या लोकांसाठी एक शब्द होता, 'त्रास्लादो'. म्हणजे बदली, एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे. खरा अर्थ असा की गुंगीचे इंजेक्शन देऊन विमानात चढवायचे आणि जिवंतपणीच समुद्रात टाकायचे.

१९७९ मध्ये सरकारने एक कायदा केला. बेपत्ता व्यक्तीचे 'फायेसिमिएन्तो', म्हणजे निधन झाले आहे असे मानून टाकायची त्यात सोय होती, आणि तसा अर्ज सरकार स्वतःही करू शकत होते. कागदोपत्री तो दिलासा होता. पण निधन म्हटले की मारणारा उरतच नाही. माणूस आपोआप उणा झाला, एवढेच उरते. आया या शब्दाला तयार झाल्या नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रविवारच्या देवदूताच्या प्रार्थनेच्या वेळी अर्जेंटिनातील बेपत्ता लोकांचा उल्लेख केला. डिसेंबरमध्ये एका पत्रकाराने त्याचा हवाला देऊन लष्करशहा विदेला याला प्रश्न विचारला. बेपत्ता माणूस जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही, तो नाहीच, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

लोकांनी मात्र व्याकरणच वाकवले. 'देसापारेसेर' हे क्रियापद अकर्मक, नाहीसे होणे. ते सकर्मक करून लोक म्हणू लागले की त्याला नाहीसे केले. मराठीत हा फरक आपल्याला लगेच कळतो, 'झाला' आणि 'केला' एवढाच तर तो आहे.

लोकशाही आल्यावर आयांमध्येच फूट पडली. हाडे शोधून पुरावीत, असे काहींचे मत होते. हाडे स्वीकारणे म्हणजे मरण मान्य करून मारेकऱ्यांना मोकळे सोडणे, असे इतर म्हणत. कोण बरोबर, हे इतक्या दुरून सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. १९९४ मध्ये नवा कायदा आला. बळजबरीने नाहीसे केल्यामुळे गैरहजर, असा वेगळा दर्जा त्याने दिला. वारसाहक्काच्या कागदासाठी आपल्या मुलाला मृत लिहून देण्याची वेळ आईबापांवर येणार नव्हती.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रभू आधी म्हणतो की लाजर झोपला आहे. शिष्यांना वाटते, मग बरा होईल. तेव्हा प्रभू उघड सांगतो की लाजर मेला आहे. त्यानंतरच तो कबरेकडे निघतो.

डिसेंबर १९७७ मध्येच समुद्राने काही प्रेते किनाऱ्यावर आणून टाकली होती. ती जनराल लावाये गावच्या दफनभूमीत बेनाव पुरली गेली. २००५ मध्ये न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांनी ती उकरून ओळख पटवली. तिन्ही आया आणि सिस्टर लेओनी त्यांत होत्या. उंचावरून पडल्यावर मोडतात तशी हाडे मोडलेली होती. आता 'निधन' म्हणायला जागाच उरली नाही. २०१७ मध्ये त्या विमानाच्या दोन वैमानिकांना जन्मठेप झाली.

असुसेनाबाईंची रक्षा प्लाझा दे मायोमध्ये पुरली आहे. एस्तेरबाई, मारियाबाई आणि सिस्टर लेओनी यांना सांता क्रूझ चर्चच्या बागेत, जिथून ती धरपकड सुरू झाली तिथेच, माती दिली गेली. आर्चबिशप या नात्याने बेर्गोलिओ यांनी त्याला परवानगी दिली होती. सिस्टर आलीस यांचे अवशेष सापडलेले नाहीत. त्यांच्या नावापुढे आजही 'देसापारेसिदा' हाच शब्द लिहिला जातो.