पेंटरकाकांचा रुमाल

गेल्या महिन्यात आमच्या फ्लॅटला रंग द्यायचं एकदाचं ठरलं. बिल्डिंग १९८६ सालची. पेंटरकाकांनी भिंतीवरून हात फिरवला, ग्रिलवर नखाने टकटक केलं आणि म्हणाले, "साहेब, भिंतीला लांबी भरून दोन हात मारू. ग्रिल अन् दारं मात्र घासूनच काढावी लागतील." मटेरियल माझं, मजुरी त्यांची. ठरलं.

पहिल्या संध्याकाळी ऑफिसातून आलो तर हॉलभर पिवळट धूळ. काकांच्या नाकावर फक्त एक रुमाल. आणि माझी चार वर्षांची लेक त्या धुळीत बोटाने हत्ती काढत होती! धस्स झालं. जुन्या ऑइलपेंटमध्ये, खासकरून पिवळ्या-लाल रंगांत, शिसं असायचं हे वाचलेलं होतं. ते नेमकं त्याच वेळी आठवलं.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. (आम्हा लोकांचं हे असंच. बग सापडला की आधी त्याची हिस्टरी बघायची.)

तर मंडळी, हा बग फार जुना आहे. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात चित्रकारांवरही प्रकरण आहे. ते सतत आजारी का असतात? त्याने बोट ठेवलं ते शिशाच्या रंगांवर. पण शिशाचा सफेदा तेलात छान मिसळतो, एका हातात भिंत झाकतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. मग सोडतो कोण!

सोडला तो पॅरिसच्या एका पेंटरने. एदम-जाँ लक्लेर (१८०१-१८७२), चांभाराचा मुलगा. १८२७ मध्ये त्याने घरं रंगवण्याचा स्वतःचा धंदा सुरू केला. आपली माणसं सफेद्याने आजारी पडतात हे दिसल्यावर १८४० च्या दशकात त्याने त्याऐवजी जस्ताचा पांढरा रंग वापरात आणला. एवढंच नाही, तर १८४३ मध्ये त्याने ४४ कामगारांना नफ्यातले ११,८८६ फ्रँक वाटून टाकले. जॉन स्टुअर्ट मिलने अर्थशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली.

म्हणजे फिक्स तयार होता. रिलीज व्हायला किती वेळ लागला बघा. फ्रान्समध्ये सफेद्यावर बंदीचा कायदा झाला १९०९ मध्ये, आणि अंमलासाठी वर आणखी पाच वर्षं. १९२१ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार झाला: घराच्या आतल्या रंगकामात सफेदा नको, आणि कोरडं घासून उडणाऱ्या धुळीपासून पेंटरला वाचवा. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आणली १९७८ मध्ये. आपल्याकडे ९० पीपीएमच्या मर्यादेचा नियम निघाला २०१६ मध्ये आणि लागू झाला २०१७ मध्ये. त्याआधीचे थर अजून आपल्या ग्रिलवर आहेतच.

दुसऱ्या दिवशी लेकीला आजीकडे पाठवलं. काकांना चांगला मास्क आणून दिला आणि म्हटलं, "काका, वॉटर पेपरने ओलं करून घासाल का? झाडू नको, ओल्या फडक्याने पुसून घेऊ."

काका हसले. "पाणी मारलं की धूळ उडत नाही, हे आम्हाला काय माहीत नाही होय साहेब? पण दीड दिवस वाढतो. तो कोण देणार?"

लक्लेरपासूनची सगळी हिस्टरी काकांनी एका वाक्यात सांगितली. उपाय माहीत असतो, फक्त त्याचा दीड दिवस कुणाच्या खात्यात टाकायचा हे ठरत नाही. मग तो पेंटरच्या फुफ्फुसात जमा होतो. कोटेशन घासताना आपण हेच तर घासत असतो. दीड दिवसाची मजुरी मी दिली. हॉटेलच्या एका बिलाएवढीसुद्धा नव्हती.

लेकीची रक्ततपासणी केली. काळजीचं कारण नाही म्हणाले डॉक्टर. काकांना म्हटलं, तुम्हीही करून घ्या, पैसे मी देतो. "हे काम उरकलं की बघू," म्हणाले.

काम उरकून तीन आठवडे झाले. उद्या रविवार आहे, मीच फोन करतो.