समूह आरोग्य विमा (लघुउद्योग)

मालकाच्या नावे घेतलेल्या एकाच पॉलिसीखाली कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाला मिळणारे संरक्षण म्हणजे समूह आरोग्य विमा होय. जळगाव जिल्ह्यातील रावेरसारख्या केळी-व्यापाराच्या गावात तो सहज रुजत नाही. घड कापणारे व ट्रक भरणारे मजूर मालक बदलतात, आणि काम सुटताच संरक्षणही सुटते. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. १ जुलै २०१९ पासून तिच्यात मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के, तर कामगाराचा ०.७५ टक्के आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर शून्य झाला. समूह विम्यावर मात्र १८ टक्के कर कायम राहिला. ताज्या केळीवर हा कर नसल्याने व्यापाऱ्याला त्याची वजावटही मिळत नाही.