जुना कैदी आणि नवा आकडा

तुरुंगात आलेला मनुष्य प्रथमच आला आहे की पूर्वी येऊन गेलेला आहे, हा प्रश्न दिसावयास किरकोळ. परंतु एकोणिसाव्या शतकातील शासनकर्त्यांना त्याने फार सतावले. फ्रान्सने १८२५ पासूनचे फौजदारी न्यायाचे आकडे १८२७ मध्ये छापण्यास आरंभ केला, आणि थोड्याच काळात शिक्षा भोगून पुन्हा अपराध करणाऱ्यांचाही हिशेब त्यांत येऊ लागला. तो हिशेब फुगत गेला. तुरुंग माणसाला सुधारीत नाही, उलट बिघडवितो, असा निष्कर्ष कित्येकांनी त्यावरून काढला.

पण मोजावयाचे कसे? अपराध्याला डागण्याची शिक्षा फ्रान्सने १८३२ मध्ये रद्द केली. ते योग्यच झाले. मात्र तिच्याबरोबर ओळखीची खूणही गेली. नाव बदलले की जुना चोर नवा होई. १८८३ मध्ये पॅरिसच्या पोलीस कचेरीतील आल्फाँस बर्तियाँ या कारकुनाने डोके, मधले बोट, पाऊल यांच्या मापांवरून ४९ जुने गुन्हेगार हुडकले; १८८४ मध्ये २४१. पॅरिसचे चोर एका वर्षात पाचपट निर्ढावले, असे कोणी म्हणणार नाही. वाढली होती ती ओळख. आणि लगेच १८८५ च्या कायद्याने पुनःपुन्हा शिक्षा झालेल्यांना जन्मभर गियाना व न्यू कॅलिडोनिया येथे धाडण्याची तरतूद केली!

हिंदुस्थानातही १८६० च्या दंडविधानाचे ७५ वे कलम होतेच. नाण्यांच्या व मालमत्तेच्या काही गुन्ह्यांत पूर्वीची शिक्षा सिद्ध झाली, तर दुसऱ्या खेपेची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढू शके. हुगळीचे मॅजिस्ट्रेट विल्यम हर्शेल यांनी १८७७ मध्ये बंदिवानांच्या बोटांचे ठसे घेवविले. पण ठशांचे ढीग साचले, तर त्यांतून नेमका एक शोधावा कसा? अझीझुल हक व हेमचंद्र बोस या बंगालच्या दोघा फौजदारांनी १,०२४ खणांची वर्गवारी बसवून हे कोडे सोडविले. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले. १९०१ मध्ये लंडनच्या पोलिसांनी ही पद्धत स्वीकारली. तिला नाव मात्र वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांचे पडले, हे त्या काळाच्या रीतीस धरूनच झाले.

याच राज्यात १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा नांदत होता. त्याखाली नोंदलेल्या माणसाने हजेरी चुकविली, तरी तो अपराध. सोलापूरच्या वसाहतीतील तारांच्या कुंपणाआड राहणाऱ्या पारधी-कैकाड्यांवर रात्रंदिवस नजर; मग पुनरपराधाच्या वहीत त्यांचीच नावे अधिक भरणार, यात नवल ते कोणते? हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदिवान होते. त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी. पुनरपराधाची मोजणी व्हावयाची ती शिक्षा झालेल्यांची. चौघांतील तिघांचा हा पहिला अपराध की दुसरा, की मुळात अपराधच नव्हे, याचा निवाडा त्या दिवशी व्हावयाचाच होता.