चुन्याची साक्ष

मृत देहावर कळीचा चुना टाकला म्हणजे मांस झपाट्यानें झडून जातें, ही समजूत फार जुनी आहे. इंग्लंडांतील तुरुंगांत फांशी दिलेल्यांच्या देहांवर याच हेतूनें चुना पसरीत. या समजुतीची परीक्षा, कोणी न योजतां, गोमंतकाच्या इतिहासांत होऊन गेली आहे.

जेसुइट धर्मोपदेशक फ्रान्सिस झेवियर हे १५४२ त गोव्यास आले आणि डिसेंबर १५५२ मध्यें चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियन बेटावर ज्वरानें वारले. पुढें अस्थि हिंदुस्थानांत नेणें सोपें जावें, म्हणून पेटींत देहाभोंवतीं चुना भरून त्यांस पुरण्यांत आलें. सुमारें अडीच महिन्यांनीं पेटी उघडली, तों सांगाड्याऐवजीं देह जवळजवळ जसाच्या तसा! मलाक्केंत पुन्हां दफन होऊन तो मार्च १५५४ मध्यें गोव्यास पोंचला.

भाविकांनीं यास चमत्कार मानलें. रसायनशास्त्र सांगतें तें असें : कळीचा चुना ओलावा शोषून तापतो व विरतो, पुढें कर्बवायूच्या योगानें त्याचें कठीण कवच बनतें. त्याच्या तीव्र क्षारतेंत कुजविणारे सूक्ष्म जंतु सहसा तगत नाहींत. आधुनिक संशोधकांनीं डुकरांचीं प्रेतें चुन्यांत पुरून पाहिलीं; कुजणें वाढण्याऐवजीं मंदावलें. चुन्यानें दुर्गंधि दबते, आणि दुर्गंधि गेली म्हणजे देहही गेला असें लोकांस वाटत असावें. तथापि मलाक्केंतील दफन बिनचुन्याचें होतें. तेव्हां सारें श्रेय चुन्यासच देणें हीहि घाईच होईल.

देह अविकारी राहिला, ही समजूतहि तितकीच तपासून घ्यावी लागते. १६१४ त उजवा हात तोडून रोमला पाठविण्यांत आला. १७५९ त जेसुइटांची गोव्यांतून हकालपट्टी झाल्यावर खरा देह पळविल्याची अफवा उठली. तिच्या निरसनार्थ १७८२ त देहाचें जाहीर दर्शन घडविलें गेलें. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलांत दर दहा वर्षांनीं, अलीकडे २०२४-२५ मध्यें, झालेल्या दर्शनांत दिसतो तो सुकून काळवंडलेला देह होय. श्रद्धेस त्यानें बाध येत नाहीं. इतिहासानें मात्र तो आहे तसाच सांगितला पाहिजे.

आपल्याकडेहि समाधींत मीठ भरतात, आणि मिठानें देह लौकर विरघळतो असें पुष्कळ लोक मानतात. त्याच मिठांत कोंकणांतील गृहिणी पावसाळ्याची मासळी टिकविते, हें मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.